परवान्यावाचून चालणाऱ्या लहरी

[दृश्य: जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, शेजारी पोस्टाचं परवाना-पुस्तक]

आपल्याकडे एकेकाळी घरच्या रेडिओलाही परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. 1933च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं हा गुन्हाच ठरवला होता. जगभर विचार साधारण असाच होता: लहरी मोजक्या, म्हणून प्रत्येक पट्टा कुणाच्या तरी नावावर हवा, नाहीतर गोंधळ माजेल.

[दृश्य: मायक्रोवेव्ह ओव्हन, पडद्यावर उसळणारा लहरींचा आलेख]

या विचाराला मोठा छेद गेला अमेरिकेत. तिथल्या दळणवळण आयोगात, म्हणजे एफसीसीत, मायकल मार्कस नावाचे अभियंते होते. त्यांची नजर कुणालाच नको असलेल्या पट्ट्यांवर गेली. 2.4 गिगाहर्ट्‌झचाच घ्या. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे तिथे खरखर ठरलेली. संदेश पाठवायला ही जागा निकामी, असंच धरून चाललं जायचं.

त्यावर तोडगा होता, पण तो लष्कराकडे. संदेश एकाच फ्रिक्वेन्सीवर न पाठवता रुंद पट्ट्यावर पसरवायचा. थोडा भाग खरखरीत बुडाला तरी बाकीचा पोचतो. याला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात.

मे 1985 मध्ये आयोगाने असे तीन पट्टे या तंत्रासाठी खुले केले. लहरींसाठी परवाना नाही, लिलाव नाही. अटी मोजक्या: ताकद एक वॉटच्या वर न्यायची नाही, परवानाधारकांना त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्यांच्या लहरींचा त्रास झाला तर तो सोसायचा. या लहरींवर नेमकं काय चालवायचं, हे मात्र नियमात बांधून ठेवलं नाही. मला या निर्णयातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. वायफाय तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. परवानगीच्या कामांची यादी केली असती, तर ते त्या यादीत आलंच नसतं.

[दृश्य: दुकानातला गल्ला, जमिनीवर पसरलेल्या केबल]

पुढे सरसावली ती गल्ल्याची यंत्रं बनवणारी एनसीआर कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की यंत्रांच्या केबल उपसून पुन्हा टाकाव्या लागत. तारेवाचून ती जोडता येतील का, हे कंपनीचे नेदरलँड्समधले अभियंते शोधू लागले. त्यांच्यातलेच व्हिक हेस 1990 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 802.11 समितीचे, म्हणजे बिनतारी जोडणीचे नियम ठरवणाऱ्या समितीचे, अध्यक्ष झाले. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत, म्हणून समितीत वर्षानुवर्षं खल चालला आणि 1997 मध्ये मानक ठरलं. हेच पुढे वायफाय म्हणून ओळखलं गेलं. दोनच वर्षांनी ॲपलने आयबुक या लॅपटॉपसोबत ते तंत्र घराघरात नेलं. ब्लूटूथही याच ओवाळून टाकलेल्या पट्ट्यात वाढलं.

[दृश्य: मुंबई सेंट्रल, फलाटावर मोबाईल घेऊन बसलेले प्रवासी]

भारताने 2.4 गिगाहर्ट्‌झ परवानामुक्त केला जानेवारी 2005 मध्ये. अमेरिकेनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. जानेवारी 2016 मध्ये रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल आणि गुगल यांनी मुंबई सेंट्रलवर मोफत वायफाय सुरू केलं, तेव्हा लहरींसाठी कुणाला बोली लावावी लागली नाही.

लिलाव नकोत असं नाही. शहरं आणि गावं व्यापणाऱ्या मोबाईल जाळ्याला स्वतःचा राखीव पट्टा लागतोच. 2022च्या फाइव्ह-जी लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. हा आकडा ठळक दिसतो. खुल्या पट्ट्यावर उभे राहिलेले धंदे मात्र सरकारच्या जमाखर्चात कुठेच एकगठ्ठा दिसत नाहीत, आणि म्हणून धोरण आखताना त्यांची बाजू लंगडी पडते.

आज हाच वाद 6 गिगाहर्ट्‌झवर आहे. अमेरिकेने 2020 मध्ये तिथला 1200 मेगाहर्ट्‌झचा सगळा पट्टा खुला केला. भारताने 2025च्या मसुद्यात खालचे 500 मेगाहर्ट्‌झ परवानामुक्त करायचं म्हटलं. वरचा भाग मोबाईल कंपन्यांना हवा आहे. त्यातलाही काही हिस्सा घरं, शाळा आणि कारखान्यांच्या आतल्या वापरासाठी खुला ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.