टील गेला, क्रोशे आला

नमस्कार श्रोतेहो. आज बुधवार, 26 मार्च 2025. उद्या दुपारी टेक्सासमध्ये, आर्लिंग्टनच्या मैदानावर, आपल्या बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा नवा हंगाम सुरू होतोय. मी गेले पाच महिने या दिवसाची वाट बघतेय. हिवाळ्यात बेसबॉल खेळला जात नाही, पण खरी उलथापालथ तेव्हाच होते. यंदाच्या हिवाळ्यात ती आमच्या घरातल्या कपाटापर्यंत येऊन पोचली.

आम्ही श्रूजबरीला राहतो, वूस्टरच्या शेजारी. आमच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. त्यात लेकीचे बक्षिसांचे कप आहेत, पुण्याहून आणलेली पितळी समई आहे आणि एक बेसबॉल आहे. त्या चेंडूवर काइल टीलची सही आहे. गेल्या ऑगस्टमध्ये वूस्टरच्या पोलर पार्कवर, म्हणजे रेड सॉक्सच्या दुय्यम संघाच्या मैदानावर, सामना सुरू व्हायच्या आधी कठड्याशी उभं राहून लेकीनं ती मिळवली. टील तेव्हा बावीस वर्षांचा होता. कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. 2023च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत रेड सॉक्सनं चौदाव्या क्रमांकावर घेतलेला मुलगा. वर्ष-दीड वर्षात तो फेनवेला, म्हणजे बॉस्टनमधल्या मुख्य संघाच्या मैदानावर, जाणार, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.

11 डिसेंबरला बातमी आली की टील शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. त्याच्याबरोबर ब्रेडन माँटगोमेरी, चेस मीड्रॉथ आणि विकलमन गोन्झालेझ. चार होतकरू मुलं दिली आणि बदल्यात एक माणूस घेतला, डावखुरा पिचर, म्हणजे गोलंदाज, गॅरेट क्रोशे. लेकीनं मला पहिला प्रश्न केला, "आई, त्याला विचारलं होतं का गं?"

नाही, त्याला विचारलेलं नव्हतं. महाराष्ट्रातून ऐकणाऱ्या श्रोत्यांना हे चमत्कारिक वाटेल. आयपीएलच्या लिलावात खेळाडू आपणहून नाव नोंदवतो. इथे लिलाव नाही. शाळा-कॉलेजातली मुलं दर जुलैत संघ आळीपाळीनं निवडतात आणि मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघांच्या, पायऱ्या चढवत वर आणतात. मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो, मग तो हवं त्याच्याशी करार करू शकतो. तोवर मात्र संघ त्याला दुसऱ्या संघाला देऊ शकतो, आणि करारात तशी खास अट नसेल तर त्याच्या होकाराची गरज पडत नाही. सकाळी वूस्टरचा असलेला मुलगा संध्याकाळी शिकागोचा होतो.

तरीही मी आज ठामपणे सांगते, हा सौदा योग्य होता. का, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

मी 2003 साली इथे आले. माझे बाबा ठाण्याच्या घरात ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायचे. मैदान न बघता मैदान दिसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. इथे आल्यावर स्वयंपाक करता करता मी रेडिओ लावला आणि रेड सॉक्सचे समालोचक जो कॅस्टिग्लिओन यांचा आवाज कानावर पडला. खेळ कळत नव्हता, पण आवाजातली उत्कंठा कळत होती. सगळा खेळ मी त्या आवाजाकडूनच शिकले. बेचाळीस हंगामांनंतर गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. उद्याच्या सलामीला तो आवाज नसेल, आणि मला ते फार जाणवणार आहे.

माझ्या पहिल्याच शरद ऋतूत रेड सॉक्स न्यूयॉर्कच्या यांकीजकडून मालिकेच्या शेवटच्या सामन्यात हरले. पुढच्या वर्षी त्याच यांकीजविरुद्ध पहिले तीन सामने हरून पुढचे चार सलग जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, गेले. 27 ऑक्टोबर 2004ची रात्र इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. सेंट लुईसमध्ये चौथा सामना चालू होता. ती कोजागिरीची रात्र होती, आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आमच्याकडे दहा-बारा माणसं जमली होती. आटवलेलं केशरी दूध ओट्यावर झाकून ठेवलेलं, कारण सासूबाईंनी ग्रहण सुटल्याशिवाय कुणाला वाटी द्यायची नाही असं बजावलं होतं. रात्री पावणेबाराच्या सुमारास शेवटचा गडी बाद झाला, तेव्हा बाहेर चंद्र तांबडालाल होता. 1918 नंतरचं पहिलं विजेतेपद. शहाऐंशी वर्षं. को जागर्ति विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. त्या रात्री अख्खं न्यू इंग्लंड जागं होतं.

त्यानंतर 2007, 2013 आणि 2018 अशी आणखी तीन विजेतेपदं आली. आणि मग फेब्रुवारी 2020मध्ये मूकी बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवलं.

ती जखम माझ्या मनात अजून ओली आहे. बेट्स आपण निवडलेला, आपण घडवलेला, 2018चा अमेरिकन लीगचा, म्हणजे आपल्या गटाचा, सर्वोत्कृष्ट खेळाडू. वर्षभरात तो मोकळा झाला असता, आणि संघाला पगाराचा खर्च दंडाच्या रेषेखाली आणायचा होता. म्हणून तो गेला, आणि बदल्यात भविष्य म्हणून तिघे आले. त्या तिघांपैकी आज संघात फक्त कॅचर कॉनर वाँग उरलाय. बेट्सनं डॉजर्सबरोबर 2020 आणि 2024 अशा दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. 2022च्या डिसेंबरात झँडर बोगार्ट्स सॅन डिएगोला गेला. 2023च्या अखेरीस क्रिस सेल अटलांटाला दिला, आणि पुढच्याच वर्षी त्यानं नॅशनल लीगचा, म्हणजे दुसऱ्या गटाचा, सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. 2022 आणि 2023मध्ये आपले 78 विजय आणि 84 पराभव. गेल्या वर्षी 81 आणि 81. दर वर्षी आम्हाला सांगितलं जायचं, धीर धरा, पोरं तयार होतायत.

पोरं खरंच तयार होत होती, हे मी स्वतः पोलर पार्कवर बघितलंय. पण शेतकरी बियाणं राखतो ते पेरायला. कणगीत किती भरलंय हेच दर वर्षी दाखवत राहिलं तर पोट भरत नाही. या हिवाळ्यात पहिल्यांदा कुणीतरी कणगी उघडली.

क्रोशेचे आकडे ऐका. गेल्या हंगामात 121 सामने हरून नको तो विक्रम करणाऱ्या व्हाइट सॉक्सकडून त्यानं 146 इनिंग्ज टाकल्या. एका इनिंगमध्ये तीन गडी, म्हणजे 438 गडी. त्यांतले 209 त्यानं स्ट्राइकआउट केले. जवळजवळ निम्मे गडी असे की चेंडू मैदानात गेलाच नाही, कुणाला झेल घ्यावा लागला नाही, कुणाला फेक करावी लागली नाही. गेल्या वर्षी आपल्या संघानं क्षेत्ररक्षणात ज्या चुका केल्या त्या ज्यांनी बघितल्यात, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

धोका आहेच. 2022मध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि सुरुवातीचा पिचर म्हणून त्यानं पूर्ण हंगाम एकच काढलाय. शिवाय 2026नंतर तो मोकळा होईल. चार पोरं देऊन दोनच वर्षं मिळणार असतील तर हा व्यवहार मला मान्य नाही. क्रोशेशी लांबचा करार करा, आणि लवकर करा. बेट्सची गोष्ट पुन्हा घडायला नको.

पिचर वॉकर ब्यूलर एका वर्षासाठी 2 कोटी 10 लाख डॉलर घेऊन आलाय. त्याच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झालीय आणि गेला हंगाम त्याला वाईटच गेला. पण वर्ल्ड सिरीजची शेवटची इनिंग यांकीज स्टेडियममध्ये त्यानंच टाकली, एका दिवसाच्या विश्रांतीवर. मला असा माणूस संघात हवा. दुसरा नवा पिचर अरोल्डिस चॅपमन याच्याबद्दल मला फारसं बोलायचं नाही. चेंडू अजून वेगवान आहे, एवढंच.

मग फेब्रुवारीत फलंदाज अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला. तीन वर्षं, 12 कोटी डॉलर, आणि पहिल्या दोन्ही वर्षांअखेर मोकळं होण्याची मुभा. त्याआधी ह्वान सोटोसाठी आपण प्रयत्न केले होते, पण तो 76 कोटी 50 लाखांवर न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. ब्रेगमन का हवा होता, याचं उत्तर फेनवेच्या भिंतीत आहे. डाव्या मैदानाची ती हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, 37 फूट उंच आणि अगदी जवळ. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा उंच फटका दुसऱ्या मैदानांत सोपा झेल होतो, इथे भिंतीवर आपटतो आणि फलंदाज दुसऱ्या बेसवर पोचतो. आणि आपले फलंदाज? डुरान डावखुरा, डेव्हर्स डावखुरा, कासस डावखुरा, अब्रेऊ डावखुरा, योशिदा डावखुरा. ब्रेगमन उजवा आहे, आणि गेल्याच वर्षी त्याला थर्ड बेसवरच्या उत्तम क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह पारितोषिक मिळालंय. त्याच्या 2017च्या ह्यूस्टनच्या संघावर प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरल्याचा जो डाग आहे, तो त्याच्यावरही आहे. मी तो विसरलेले नाही. पण खेळाच्या हिशेबात ही निवड बरोबर आहे.

मला सलतं ते दुसरंच. थर्ड बेस रफाएल डेव्हर्सचा होता. सोळाव्या वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आपल्याशी करार केलेला, 2018च्या विजेत्या संघातला, बेट्स आणि बोगार्ट्स गेल्यावर 31 कोटी 35 लाखांचा करार करून इथेच राहिलेला मुलगा. सराव शिबिरात त्यानं उघड सांगितलं की थर्ड बेस ही माझी जागा आहे. महिनाभरानं तो म्हणाला, संघ सांगेल ते करीन. उद्या तो फक्त फलंदाजी करेल. ब्रेगमन त्याच्यापेक्षा चांगला क्षेत्ररक्षक आहे, यात मला शंका नाही. पण घरात नवा माणूस आणताना थोरल्याला आधी जवळ बसवून सांगायचं असतं. हा राग आत राहिला तर महागात पडेल, असं मला मनापासून वाटतं.

आता पोरांकडे वळते. टील गेला, पण तिघे राखले. सेकंड बेसवर उद्या क्रिस्टियन कॅम्बेल पदार्पण करेल. बोगार्ट्स गेला तेव्हा भरपाई म्हणून आपल्याला निवडीत एक जादा क्रमांक मिळाला होता, 132वा. त्या क्रमांकावर हा कॅम्बेल घेतला. गेल्या वर्षी एका हंगामात मायनर लीगच्या तीन पायऱ्यांवर खेळत तो ग्रीनव्हिलहून पोर्टलंडला आणि तिथून वूस्टरला आला, वीस होम रन मारले. बोगार्ट्स गेला त्या दिवशी मी रडले होते. उद्या कॅम्बेल मैदानात उतरेल तेव्हा मला तो दिवस आठवेल. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, मार्सेलो मायर गेल्या ऑगस्टमध्ये वूस्टरला आला खरा, पण पाठीच्या दुखण्यामुळे एकही सामना खेळला नाही. आणि रोमन अँथनी. वय वीस. मी त्याला पोलर पार्कवर चार वेळा बघितलं. वाईट चेंडूला हात लावत नाही तो. या वयात हा संयम मी कुणात पाहिला नाही. तो अजून वूस्टरमध्ये आहे. श्रूजबरी, वेस्टबरो, नॉर्थबरोच्या श्रोत्यांनो, पंधरा-वीस मिनिटांवर आहे तो मुलगा. मेच्या सुट्ट्यांची वाट बघू नका, आधीच जा, नाहीतर तो वर गेलेला असेल.

काळजीच्या गोष्टीही आहेत. पिचर ब्रायन बेयो आणि लुकास जियोलीतो दोघेही दुखापतींमुळे सुरुवातीला नाहीत. ट्रेव्हर स्टोरीनं तीन हंगामांत मिळून 163 सामने खेळलेत, आणि एकाच हंगामात 162 असतात. टील गेल्यामुळे कॅचरच्या जागी वाँग आणि त्याच्या जोडीला यांकीजकडून आलेला नार्वाएझ. ही जागा मला सगळ्यात कच्ची वाटते. पण तिकडे यांकीजचा पिचर गेरिट कोल कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर आहे, आणि बाल्टिमोरचा पिचर कॉर्बिन बर्न्स अ‍ॅरिझोनाला गेलाय. दार उघडं आहे. माझा अंदाज म्हणाल तर नव्वदच्या आसपास विजय आणि ऑक्टोबरमध्ये बाद फेरीचे सामने. 2021नंतर पहिल्यांदा.

4 एप्रिलला फेनवेवर पहिला सामना, सेंट लुईसविरुद्ध. आम्ही मात्र तिकिटं काढलीत ती 21 एप्रिलची, पेट्रियट्स डेची. त्या दिवशी बॉस्टन मॅरेथॉन असते आणि सामना सकाळीच सुरू होतो. समोर शिकागो व्हाइट सॉक्स आहेत. टील एवढ्यात मेजर लीगमध्ये आलेला नसेल, हे मी लेकीला समजावून सांगितलंय. तरी तो सहीचा चेंडू ती बरोबर घेणार आहे.