मित्राचे सुतक

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, ज्याच्या स्मरणार्थ आज आपण बडोद्यात जमलो आहोत, तो माझा मित्र आजाराने किंवा वार्धक्याने गेलेला नाही. त्याचा खून झाला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे आरोपींविषयी वा पुराव्याविषयी मी बोलणार नाही, आणि त्याच्या पत्नीचीही तशीच इच्छा आहे. मला बोलायचे आहे ते मागे राहिलेल्या मित्रांविषयी.

आपल्याकडे सुतक भाऊबंदांना असते. ज्या चुलतभावाने कित्येक वर्षांत त्याचे तोंडही पाहिले नव्हते त्याने दहा दिवस पाळायचे, आणि सूरसागरच्या काठी रोज त्याच्याशी वाद घालणारे आम्ही मात्र तेराव्याचे पाहुणे. कायदाही जवळपास तेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पीडित म्हणजे ज्याची हानी झाली ती व्यक्ती, आणि तीत पालक व कायदेशीर वारस येतात. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायचे ते फिर्यादीला किंवा पीडिताला. आरोपी निर्दोष सुटला तर सरकारखेरीज अपिलाचा हक्क असतो तोही पीडिताला. मला यात अन्याय दिसत नाही. प्रत्येक स्नेह्याला असा हक्क दिला तर खटले संपायचेच नाहीत.

मग मित्राने करायचे काय? याचे उत्तर शोधताना आपल्याच गावाचा इतिहास आठवावा लागतो, मग तो कितीही नकोसा वाटो. १ मार्च २००२ च्या रात्री हनुमान टेकडीवरच्या बेस्ट बेकरीवर जमावाने हल्ला केला आणि चौदा माणसे मेली. जून २००३ मध्ये येथील जलदगती न्यायालयाने सर्व एकवीस आरोपींना सोडले, कारण महत्त्वाचे साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणी महाराष्ट्रात घ्यायला लावली. २००६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना जन्मठेप दिली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांचीच कायम ठेवली. कोण दोषी होते यावर मी येथे मत देत नाही. माझे लक्ष त्या फिरलेल्या साक्षींकडे जाते. साक्षीदार फिरला की आपण त्याला भेकड किंवा विकाऊ म्हणून मोकळे होतो. पण घटना घडल्यापासून पिंजऱ्यात उभे राहीपर्यंतच्या काळात त्याच्या दाराशी कोण आले आणि कोण आले नाही, हे क्वचितच कोणी विचारते.

न्यायाची आशा म्हणजे मला हाच मधला काळ वाटतो, आणि मित्राचे काम त्यातच आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. त्यानुसार जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. पोलिसांचा धोक्याविषयीचा अहवाल पाहून समिती घराभोवती गस्त, कोर्टापर्यंत सोबत किंवा बंद दाराआडची सुनावणी मंजूर करू शकते. योजना चांगली आहे, पण धमकी आलेल्या हातगाडीवाल्याला तो अर्ज कोण लिहून देणार? त्याच्या बुडालेल्या रोजंदारीची चौकशी कोण करणार? पत्नी तारखेला एकटी जाते, तिच्या मुलांना शाळेतून कोण आणणार? हे करायला वारस असावे लागत नाही.

आपल्यातील काहींना मोर्चा काढून फाशीची मागणी करायची आहे. त्यांचा संताप मी समजू शकतो, माझाही विझलेला नाही. तरीही ज्याने मारले तोच पुराव्याने दोषी ठरावा, एवढीच माझी मागणी आहे, कारण गर्दीच्या दडपणाखाली चुकीचा माणूस आत गेला तर खरा गुन्हेगार कायमचा सुटेल.

साक्षी लवकरच सुरू होतील. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात पाळीपाळीने येऊ शकणाऱ्यांनी सभेनंतर आपली नावे द्यावीत. तेथे घोषणा नकोत, आरोपींच्या नातेवाइकांशी हुज्जत नको, आणि साक्षीदारांशी त्यांच्या साक्षीबद्दल एक शब्दही बोलू नका. मित्रांनी साक्षीदार पढवले, असे म्हणण्याची संधी बचाव पक्षाच्या वकिलाला आपण देता कामा नये.