पकड सुटली की हाड उजळतं

नमस्कार श्रोतेहो. आपल्या नागपुरात ज्या घरांनी थॅलेसेमियाचं, म्हणजे रक्त नीट न बनण्याच्या जन्मजात आजाराचं, लेकरू वाढवलंय, त्यांना डेस्फेरॉक्झामिन हे औषध माहीत आहे. आता गोळ्या आल्या. पण रात्रीची जेवणं उरकली की आई छोट्या पंपाला सिरिंज लावायची, लेकराच्या पोटाच्या कातडीखाली बारीक सुई खोचायची आणि रात्रभर थेंब थेंब औषध आत जायचं. सारखं रक्त चढवून अंगात साचलेलं लोह हे औषध आवळून धरतं आणि बाहेर काढतं. मुळात मातीतल्या एका जिवाणूनं ते स्वतःला लोह मिळावं म्हणून घडवलंय.

हेच औषध कर्करोगाची गाठ दाखवायलाही मदत करतं.

गाठीवरची खूण ओळखून तिथंच चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) प्रयोगशाळेत हवी तशी बनवायची रीत कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी 1975 साली दाखवली. पण पेट स्कॅन, म्हणजे अंगातल्या किरणोत्सारी पदार्थाचं चित्र काढणारी तपासणी, तिला नुसतं प्रतिपिंड दिसत नाही. त्याच्या पाठीवर किरणोत्सारी धातू बसवावा लागतो, आणि धातू धरायला मध्ये पकड लागते. या पकडीचं नाव कीलेटर. ग्रीक भाषेत खेकड्याच्या नांगीला जो शब्द आहे, त्यावरून पडलेलं. पावसाळ्यात धुऱ्यावर खेकडा धरताना ज्याचं बोट सापडलंय, त्याला जास्त सांगायला नको.

प्रतिपिंड सावकाश चालतं. गाठीत साचून रक्तातून कमी व्हायला त्याला दिवस लागतात. नेहमीच्या पेट स्कॅनमधलं फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, ते इथं पुरत नाही. म्हणून झिर्कोनियम-89 घेतात. ते निम्मं व्हायला सुमारे 78 तास लागतात. सुई सोमवारी, तर स्कॅन शुक्रवार-शनिवारी. इथं नांगी म्हणजे आपलं डेस्फेरॉक्झामिन; तोवर तिनं धातू सोडायचा नाही.

अडचण इथंच आहे. झिर्कोनियमला धरायला आठ हात लागतात, डेस्फेरॉक्झामिनला आहेत सहा. थोडा धातू निसटतो आणि हाडात जाऊन बसतो. स्कॅनमध्ये मणका उजळलेला दिसतो. कर्करोगही हाडातच पसरतो ना! मग तो उजेड रोगाचा की निसटलेल्या धातूचा? या एका ठिपक्यावर कुणाचा उपचार बदलू शकतो. प्रतिपिंडाचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर चित्राचा खरेपणा पकडीवर टिकतो. म्हणूनच आठ हातांच्या नांग्या तयार करण्यात रसायनशास्त्रज्ञ गुंतलेत. डोटा नावाचा पिंजऱ्यासारखा कीलेटर इतर धातूंना फार घट्ट धरतो, पण त्यात धातू चटकन बसवायला उष्णता द्यावी लागते, आणि प्रतिपिंड म्हणजे प्रथिन; अंड्याच्या पांढऱ्यासारखं तापलं की बिघडतं. डेस्फेरॉक्झामिनचं काम खोलीच्या तापमानाला होतं, हा त्याचा मोठा गुण.

रुग्णाला देण्याआधी कुपीतला एक थेंब कागदासारख्या पट्टीच्या तळाशी टेकवतात आणि पट्टी द्रावणात उभी करतात. द्रावण वर चढतं. प्रतिपिंडाला बांधलेला धातू तळाशीच राहतो, सुटा धातू द्रावणासोबत वर जातो. वर गेलेल्या सुट्या धातूचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे निघालं, तर ती कुपी रुग्णापर्यंत जात नाही.