११५ ग्रॅम साखर

(दृश्य: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, वर स्टीलची वाटी. साखर पडते आहे.)

एकशे दहा. एकशे अठरा. हात थांबतो, चिमूटभर साखर परत डब्यात जाते आणि आकडा ११५ वर येतो.

इंग्लंडमधलं डर्बी. शनिवारची सकाळ. चहाचे कप अजून ओट्यावरच आहेत. हे यजमान मूळचे सांगलीकडचे, म्हणजे साखर पोत्यानं मोजणाऱ्या मुलखातले. इथे मात्र चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी त्यांना खपत नाही. ही साखर जाणार आहे वीस लिटर बिअरमध्ये. गोडीसाठी नाही, फेसासाठी.

बिअर तयार आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य गरम पाण्यात मुरवणं, उकळणं, हॉप्स ही कडवट फुलं घालणं हे सगळं कॅमेरा पोचायच्या आधीच उरकलं होतं. त्यानंतर ती या पांढऱ्या पिंपात यीस्टच्या ताब्यात होती. यीस्टनं माल्टमधली साखर खाल्ली, तिचं अल्कोहोल केलं, आणि सोबत निघालेला कार्बन डायऑक्साइड झाकणावरच्या नळीतून बुडबुडत निघून गेला. आता पिंपात चव आहे, जान नाही.

हा वायू परत आणायचे दोन मार्ग. पहिला सिलिंडरचा. बंद पिंपात दाबानं गॅस सोडायचा, काम लवकर होतं, गाळही राहत नाही. दुसरा साखरेचा. भरण्याआधी मोजून साखर मिसळायची, बाटलीला झाकण ठोकायचं आणि बिअरमध्ये उरलेल्या यीस्टला पुन्हा कामाला लावायचं. या वेळी वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो बिअरमध्येच विरघळतो. सिलिंडर सोयीचा आहे, त्यात वाद नाही. पण ज्या यीस्टनं बिअर केली त्यानंच तिच्यात फेस भरावा, हे आम्हाला जास्त पटतं. १९७१ साली सुरू झालेल्या ‘कॅमरा’ या ब्रिटनमधल्या, पारंपरिक बिअरसाठीच्या ग्राहक चळवळीचंही थोडंफार हेच म्हणणं होतं.

(दृश्य: शेगडीवर छोटं पातेलं. साखर विरघळते आहे.)

कपभर पाणी, त्यात साखर, आणि चांगली उकळी. पाक करायचा नाही, एकतारीसुद्धा नाही. जंतू मरावेत एवढाच हेतू.

“अहो, ते माझं दुधाचं पातेलं आहे.”

“अगं, घासून देतो.”

पाणी निवलं की ते निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या बादलीत तळाला ओततात आणि त्यावर नळीनं बिअर सोडतात. नळीचं टोक बघा. ते बादलीच्या कडेला टेकवून किंचित वळवलंय, त्यामुळे बिअर गोल फिरत वर चढते आणि साखरेचं पाणी तिच्यात आपोआप मिसळतं. आवाज होता कामा नये. खळखळाट झाला की हवा मिसळते, आणि हवा मिसळली की काही आठवड्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

पण ११५ च का?

बिअरवाले वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळलेला असला की झाला एक व्हॉल्यूम. वीस अंश सेल्सियसला आंबलेल्या बिअरमध्ये मुळातच ०.८५ च्या आसपास वायू असतो. यजमानांच्या पेल एलला, म्हणजे या फिकट रंगाच्या बिअरला, हवेत २.३. म्हणजे भर घालायची ती दीडला जरा कमी. लिटरमागे चार ग्रॅम साधी साखर साधारण एक व्हॉल्यूम देते. वीस लिटरचा हिशेब तुम्हीच करून बघा. यातून वाढणारं अल्कोहोल अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

गूळ चालेल का, हा प्रश्न आम्हीही विचारला. चालतो. यीस्टला त्याचं वावडं नाही. पण गुळात पाणी किती, हे ढेपेगणिक बदलतं, आणि मग या काट्याला काही अर्थ राहत नाही.

(दृश्य: जुन्या जाड काचेच्या बाटल्या.)

ही युक्ती वाईनवाल्यांनीही वापरल्याची जुनी नोंद आहे. डिसेंबर १६६२ मध्ये ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. वाईन चुरचुरीत व्हावी म्हणून इथले व्यापारी तिच्यात साखर आणि काकवी घालतात, असं त्यात लिहिलंय. शॅम्पेनचं श्रेय ज्यांना सर्रास दिलं जातं ते दॉम पेरिन्यो मठात रुजू झाले १६६८ साली. इंग्रजांना हे जमलं, कारण त्यांच्याकडे दाब सोसणारी काच होती. १६१५ मध्ये राजा पहिला जेम्स यानं काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली. जहाजांना लाकूड हवं होतं. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, जास्त तापल्या, आणि काच मजबूत झाली.

आता बाटली फुटण्याबद्दल. घरी बिअर करणाऱ्या प्रत्येकाकडे हा किस्सा असतो आणि खापर बहुतेक वेळा साखरेवर फुटतं. आमच्या मते ते अन्यायाचं आहे. मोजलेली साखर मोजकाच वायू देते. न मोजलेली असते ती पिंपात शिल्लक राहिलेली, आंबायची बाकी असलेली माल्टची साखर.

(दृश्य: काचेच्या नळकांड्यात तरंगणारा हायड्रोमीटर, अगदी जवळून.)

म्हणून हा हायड्रोमीटर, द्रवाची घनता मोजणारा. साखर जितकी जास्त, तितका आकडा मोठा. बिअरची रेघ १.०१० वर आहे. दोन दिवसांपूर्वीही तिथेच होती, म्हणजे आंबणं संपलं. घाई करून १.०१४ ला बाटल्या भरल्या असत्या, तर वरच्या चार अंकांनी आणखी जवळजवळ दोन व्हॉल्यूम वायू केला असता. साध्या बाटलीला ते झेपेलच असं नाही. काच उडते, डोळ्याला इजा होऊ शकते. म्हणून बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवायच्या.

(दृश्य: भरणं आणि झाकणं लावणं. इथे निवेदन थोडा वेळ थांबेल.)

टोकाला झडप असलेली ही नळी तळाला दाबली की बिअर येते, उचलली की थांबते. बाटली काठोकाठ भरायची आणि मग नळी बाहेर काढायची. नळीनं अडवलेली जागा रिकामी होते, वर हवी तेवढी पोकळी आपसूक राहते. बाटल्या तपकिरी आहेत, कारण उजेड लागला की हॉप्सचा वास बिघडतो. वर बसतं ते एकवीस दातांचं पत्र्याचं झाकण. त्याचं मूळ रूप बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं शोधलं, पेटंट १८९२ चं. हे यंत्र फक्त त्या दातांना चहूबाजूंनी मुरडतं. दोन्ही दांड्या एकदम खाली, आणि तो आवाज.

एक बाटली मुद्दाम प्लॅस्टिकची. सोड्याची असते तशीच. आत वायू साठेल तशी ती कडक होत जाते, बोटानं दाबून कळतं. काचेच्या बाटल्या काही सांगत नाहीत.

इंग्लंडच्या थंडीत गॅरेज उपयोगाचं नाही, तिथे यीस्ट झोपी जातं. खोकी जिन्याखालच्या कपाटात जातात, वीसेक अंशांना, दोन आठवडे. नंतर काही दिवस फ्रिजमध्ये, म्हणजे वायू नीट मुरतो आणि यीस्ट तळाला बसतं.

(दृश्य: दोन आठवड्यांनंतर. खिडकीसमोर ग्लास, मागून ऊन.)

सावकाश, एकाच धारेत. तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्यायचा. प्यायला तरी काही बिघडत नाही, बिअर गढूळ दिसते इतकंच.

इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे.

पुढची खेप गव्हाच्या बिअरची. तिला तीन व्हॉल्यूम हवेत, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास साखर. त्यासाठी जाड काचेच्या बाटल्या जमवणं सुरू झालंय, आणि एक वेगळं पातेलंही आलंय.