कॅलेंडरच्या शेवटच्या पानावरचा लेट रिमार्क

ही जी निळ्या कव्हरची छोटी वही दिसतेय ना, हिला आमच्या कॅथलिक शाळेत कॅलेंडर म्हणायचे. आधी प्रार्थना, मग स्कूल साँग, मग नियम, सुट्ट्या, आणि शेवटी रिमार्कची पानं. सकाळची बेल झाली आणि तुम्ही गेटबाहेर असलात की लाल पेनाने लेट रिमार्क, घरून सही आणायची, तीन झाले की सिस्टरच्या केबिनसमोर उभं राहायचं. आज चाळिशी उलटली तरी मीटिंगला पाच मिनिटं उशीर होतोय असं दिसलं की माझ्या पोटात तोच गोळा येतो, आणि आमच्या बॅचमधल्या कुणालाही विचारा, जी नर्स झाली तिला, जी बँकेत आहे तिला, जी घरी पोळीभाजीचे डबे करते तिलाही, सगळ्या हेच सांगतील.

कॅथलिक शाळेत शिकलेल्या माणसाचं पुढे काय होतं, असं विचारलं की लोक लगेच दोन गोष्टी सांगतात, शिस्त आणि इंग्लिश. खरंच आहे ते. लग्नाच्या जाहिरातीत 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड' हे शब्द उगाच नाही आले. वडील गिरणीत किंवा बेस्टमध्ये, घरात कुणी इंग्लिशचा शब्द बोलत नाही, आणि त्या घरातली मुलगी पाचवीत असताना एलोक्युशनला स्टेजवर उभी राहून अख्खी कविता न अडखळता म्हणते, तीच मुलगी विसाव्या वर्षी इंटरव्ह्यूला गेली की समोरचे तीन साहेब बघून तिची जीभ टाळ्याला चिकटत नाही, मग ती नोकरी बँकेतली असो, एअरलाइनमधली असो नाहीतर कॉल सेंटरची. घरं वर आली आहेत ह्याने, ते कमी समजायचं कारण नाही.

पण मला जे सांगायचंय ते ह्याच्या थोडं पुढचं आहे. नोकरी इंग्लिशने दिली असेल, पण नोकरीत गेल्यावर आपण शिपायाशी कसे बोलतो, खालच्या माणसाचं ऐकतो की नाही, हे मला वाटतं बाकावर शेजारी कोण बसलं होतं त्यावरून ठरलं.

आता जरा मागे जाऊया. जेझुइट, म्हणजे येशूसंघ ह्या कॅथलिक संघाचे फादर, ह्यांनी संघाबाहेरच्या मुलांसाठी पहिली मोठी शाळा काढली 1548 साली, सिसिलीतल्या मेसिना गावात, आणि तिथे शिकवायचे पैसे घेत नव्हते. पुढे 1599 मध्ये त्यांनी काय शिकवायचं, कसं शिकवायचं ह्याचा एकच आराखडा सगळ्या शाळांसाठी छापला. आपल्याकडे बघा, वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस, आज केवढी नावाजलेली शाळा, ती 1863 मध्ये सुरू झाली ती अनाथ मुलांसाठी. माझगावची सेंट मेरीज 1864 ची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट 1867 ची, आणि 1869 मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स.

ह्या शाळांतून कोण कोण बाहेर पडलं? माझगावातून ऑर्केस्ट्रा कंडक्टर झुबिन मेहता. झेवियर्समधून सुनील गावसकर. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोमधून रवी शास्त्री, त्याच्या कॅप्टनशिपखाली शाळेने 1977 ला शालेय क्रिकेटची गाइल्स शिल्ड जिंकली. बाहेर नजर टाकली तर मद्रासच्या लोयोला कॉलेजातून 1940 ला फिजिक्सची डिग्री घेतलेले वर्गीस कुरियन, ज्यांनी आणंदला जाऊन दूधवाल्या शेतकऱ्यांची सहकारी चळवळ मोठी केली आणि जे स्वतः देव मानत नव्हते. आणि लालकृष्ण अडवाणी, कराचीच्या सेंट पॅट्रिक्सचे विद्यार्थी. सगळ्यांचा एकच साचा निघतो असं म्हणणाऱ्याने ही नावं एकदा शेजारी शेजारी लिहून बघावीत.

धर्माबद्दल पण लोक विचारतात म्हणून सांगते. घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क दिलाय, आणि कलम 28 असं म्हणतं की सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. वर्गात ह्याचं रूप कसं असायचं, तर बेल झाली की ख्रिश्चन मुली उठून दुसऱ्या खोलीत कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला जायच्या आणि आम्ही बाकीच्या मॉरल सायन्सला. खोटं का बोलू नये, चुगली का करू नये, असलेच धडे. पुस्तक मला अजिबात आठवत नाही. आठवतो तो वर्गातला पत्र्याचा डबा, ज्यात ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आम्ही वडापावचे पैसे टाकायचो, हिंदू मुसलमान सगळ्याच, आणि कुणी किती टाकले हे विचारायचं नाही असा नियम होता.

आता पेद्रो अरुपे. हा स्पॅनिश माणूस 1945 मध्ये हिरोशिमाजवळ जेझुइट उमेदवारांना शिकवत होता, बॉम्ब पडला त्या दिवशी त्याने आपल्या मठाचंच हॉस्पिटल केलं, आधी काही वर्षं मेडिकलचं शिक्षण घेतलेलं होतं. पुढे तो संपूर्ण येशूसंघाचा प्रमुख झाला. 31 जुलै 1973 ला व्हॅलेन्सिया शहरात युरोपातल्या जेझुइट शाळांचे माजी विद्यार्थी जमले होते, मोठमोठ्या हुद्द्यावरची माणसं, आणि त्यांच्यासमोर अरुपेंनी प्रश्न टाकला की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि उत्तर स्वतःच दिलं, नाही, नाही घडवलं. दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच आमचं काम असलं पाहिजे, असं ते म्हणाले. कौतुक ऐकायला आलेल्या बऱ्याच जणांना हे झोंबलं. स्वतःच्याच शाळांबद्दल स्वतःच्याच माजी विद्यार्थ्यांसमोर इतकं सरळ बोलणारा प्रमुख मी दुसरा पाहिला नाही, आणि म्हणून मला ह्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे.

ह्या विचाराचं काम आपल्याकडेही दिसतं. जमशेदपूरला 1949 मध्ये सुरू झालेल्या एक्सएलआरआय ह्या जेझुइटांच्या मॅनेजमेंट कॉलेजच्या नावातच लेबर रिलेशन्स आहे, म्हणजे कामगार आणि मालक ह्यांचं नातं. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमध्ये 2003 पासून अंध आणि कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं केंद्र आहे. आणि मरीन लाइन्सला आवर लेडी ऑफ डोलर्समध्ये मर्झबान पटेल सर, पारशी माणूस, कॅथलिक शाळेच्या आवारात गरीब घरातल्या पोरांना वर्षानुवर्षं हॉकी शिकवत आले, त्यांच्या हाताखालून एड्रियन डिसूझा, युवराज वाल्मिकी भारताच्या टीमपर्यंत गेले, सरांना 2019 ला द्रोणाचार्य मिळाला. बाकीची पोरं टीमपर्यंत पोचत नाहीत, पण स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागतात, बँकेत लागतात, घर उभं राहतं. करिअर म्हणजे हेही.

आणि वसई. इथे कॅथलिक म्हटलं की इंग्लिश मीडियम, हे समीकरणच चालत नाही, इथल्या ख्रिस्ती समाजाची घरची भाषा मराठी, चर्चमधली प्रार्थना मराठी, आणि शाळाही पिढ्यानपिढ्या मराठी. 1918 मध्ये इथल्या फादर मोनिस ह्यांच्या पुढाकाराने बसीन कॅथोलिक बँक सुरू झाली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्याच मातीतले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसई चळवळीत बिल्डर आणि टँकरवाल्यांसमोर उभे राहिलेले, आणि 2020 ला उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले. बायबल सोप्या मराठीत आणणारा आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरणारा माणूस एकच होता, ह्याचं वसईकरांना कधी नवल वाटलं नाही.

म्हणून एक गोष्ट मला अजून सलते. मी ज्या शाळेत होते तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दंड व्हायचा, चार आणे. आई भेटायला आली की मी तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, कुणी ऐकू नये म्हणून. इंग्लिश पक्कं झालं हे कबूल, पण आईची भाषा लपवायला शिकवणं हे मूल्यशिक्षण नव्हतं, ती चूक होती.

दुसरी काळजी आजची आहे. आमची शाळा अनुदानित होती, शिक्षकांचे पगार सरकार द्यायचं, फी नावापुरती, त्यामुळे डॉक्टरची मुलगी आणि कोळणीची मुलगी एकाच बाकावर. आता विनाअनुदानित शाळा, वेगळे बोर्ड, लाखात फी, आणि मग तो बाकच बदलतो. गरिबांसाठी वर्षातून एकदा कपडे गोळा करणं आणि गरीब मुलीच्या डब्यातला बोंबील रोज खाणं, ह्यात फार फरक आहे हो.

हे शेवटचं पान बघा. हे माझं कॅलेंडर नाही, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं आहे, तिने ह्या व्हिडिओसाठी दिलं. आठ लेट रिमार्क, कारण पहाटे आईबरोबर ससून डॉकच्या मासळी बंदरावर जाऊन मग शाळेत यायची. सहीच्या जागी आईचा अंगठा. पहिला निळ्या पेनाच्या शाईत माखलेला, अर्धा पुसलेला. दुसऱ्यापासून सगळे स्वच्छ, जांभळे, कारण सिस्टरने तिला ऑफिसमधलं स्टॅम्पपॅड घरी न्यायला दिलं होतं, वर्गाला कळू न देता. मलाही हे परवा कळलं.