धक्का लागला आणि किक मिळाली

१९ डिसेंबर २०२४. गुरुवारची रात्र, लॉस एंजेलिसजवळचं सोफाय स्टेडियम, अमेरिकन फुटबॉलचा सामना. मध्यंतराला आठ सेकंद उरलीत आणि यजमान चार्जर्स डेन्व्हरपेक्षा ११ गुणांनी मागे आहेत.

डेन्व्हरने पंट मारला, म्हणजे लाथेने चेंडू लांब चार्जर्सकडे उडवला. खाली डेरियस डेव्हिस उभा. त्याने एक हात डोक्यावर नेऊन हलवला.

या हाताकडे नीट बघा. तो सांगतोय, ‘मी नुसता झेल घेतो, पळत नाही, तुम्हीही मला हात लावायचा नाही.’ हाच तो फेअर कॅच. पण झेल पुरा व्हायच्या आत डेन्व्हरचा एक गडी त्याच्यावर आदळला. पंचांचा पिवळा रुमाल पडला. दंड १५ यार्डांचा.

घड्याळात शून्य. आता मध्यंतरच ना?

नाही! फेअर कॅच घेणाऱ्या संघाला त्या जागेवरून थेट गोलवर किक मारता येते, वेळ संपली असली तरी. नेहमीच्या फील्ड गोलला, म्हणजे खांबांमधून किक मारून गुण मिळवायला, चेंडू आधी सात-आठ यार्ड मागे फेकावा लागतो, आणि किक अडवायला समोरून धिप्पाड गडी अंगावर येतात. इथे ती धुमश्चक्रीच नाही. साथीदार चेंडू जमिनीवर बोटाने उभा धरतो. खाली टी, म्हणजे चेंडू टेकवायची छोटी बैठक, ठेवायची मात्र परवानगी नाही. समोरच्यांनी दहा यार्ड लांब राहायचं. किक मारणाऱ्याने खुशाल धावत यावं. चेंडू खांबांमधून गेला की तीन गुण.

आता हिशेब बघा. धक्का लागला नसता तर अंतर होतं ७२ यार्ड, म्हणजे विचारच सोडा. दंडाने ते ५७ वर आलं. डेन्व्हरनेच तर रस्ता करून दिला.

कॅमेरॉन डिकर धावत आला. ५७ यार्ड, साधारण ५२ मीटर. गेला! मग कुठे मध्यंतर झालं. पुढे चार्जर्स ३४-२७ ने जिंकले.

हा नियम रग्बीच्या घरातून आलेला. रग्बीने १९७७ मध्ये तो मोडीत काढला, कॉलेज फुटबॉलने त्याच्याही आधी. एनएफएलने, म्हणजे चार्जर्स खेळतात त्या व्यावसायिक लीगने, मात्र ठेवला. का, कोण जाणे. पण बरं केलं. चार्जर्सचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना तो चांगला ठाऊक होता. २०१३ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोकडे असताना फिल डॉसनने अशीच किक मारली होती, तब्बल ७१ यार्डांवरून. ती खांबांच्या अलीकडेच पडली.

डिकरच्या आधी एनएफएलमध्ये ही किक शेवटची साधली होती १९७६ साली, रे वर्शिंगला. त्याच्या अंगावरही जर्सी चार्जर्सचीच होती.