होसूर रोडवरच्या बायका

हे हात बघा. बेंगळुरूतल्या एक्स्पोर्ट कारखान्यातली ही लाइन. इथे अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही. या ताई दिवसभर फक्त कॉलर करतात. टीप मारायची, जादा कापड कातरायचं, कॉलर उलटवायची, टोक काढायचं आणि पुढच्या मशीनकडे सरकवायची. टोक बोथट राहिलं की नग परत येतो, आणि तो उसवून पुन्हा शिवेपर्यंत घड्याळ थांबत नाही. समोरच्या फळ्यावर दर तासाचा आकडा लिहितात. टार्गेट मागे पडलं की सुपरवायझर डोक्याशी येऊन उभा. म्हणून बायका पाणी कमी पितात. प्यायलं की बाथरूमला उठावं लागतं.

या पगारातून गाठीला राहतो तो पीएफ. कामगाराचे १२ टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, उरलेले फंडात. शाळेची फी आली, घरात आजारपण निघालं, की बायका राजीनामा द्यायच्या, दोन महिने कळ काढायच्या, फंड उचलायच्या आणि दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर उभ्या राहायच्या. अडीनडीला हात घालायला दुसरं काही नव्हतंच.

१० फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेनं फंडातला मालकाचा वाटा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत अडकवला. कॅमेरा लाइनवरून फिरतोय. ५८ च्या आसपासची एक तरी बाई दिसते का, बघा.

१८ एप्रिल. होसूर रोड. मशिनी सोडून हजारो बायका रस्त्यावर बसल्या. एरवी सुपरवायझरसमोर मान वर न करणाऱ्या याच बायका. दुसऱ्या दिवशी लाठ्या, अश्रुधूर, पेटलेल्या बस, अटका. आणि त्याच दिवशी केंद्र सरकारनं अधिसूचना मागे घेतली.

युनियनचं काम मात्र दोन दिवसांत होत नाही. कारखान्यात बोलायची सोय नाही, गेटवर पत्रक घेताना कुणी पाहील ही धास्ती. म्हणून ही रविवारची खोली. मध्ये सतरंजी, कडेला झोपलेलं लेकरू. युनियनच्या ताई पगाराच्या स्लिपवर बोट ठेवून समजावतात: हा पीएफ, हा ईएसआय, म्हणजे आजारपणासाठीचा सरकारी विमा. जादा तासांना कायद्यानं दुप्पट दर आहे, तो कुठे लिहिलाय?

स्लिप हातोहात फिरते. मागे बसलेली एक जण पर्स उघडते आणि घडी घातलेली आपली स्लिप पुढे करते.